रामकुंडाची सरस्वती, वेदांतली सरस्वती आणि बोअरचं पाणी

प्रश्न असा आला: सासऱ्यांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. गुरुजी म्हणाले, "इथे अरुणा-वरुणा गंगेला मिळतात. सरस्वतीही आहे, पण गुप्त." घरी आल्यावर आठवीतल्या मुलाने विचारलं, गुप्त म्हणजे जमिनीखालून वाहते का? सासूबाई म्हणाल्या हो, तिला शाप आहे. नवऱ्याने मोबाइलवर जैसलमेरच्या बोअरमधून उसळणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ दाखवला, त्यावर 'सरस्वती प्रकटली' असं लिहिलेलं. तुम्ही आयुष्यभर भूजलाचं काम केलंत. मुलाला काय सांगू?

ताई, मुलाला आधी सरळ सांगा की आपल्या पायाखाली नदी वाहत नाही. मेघालयात चुनखडीच्या गुहांमधून ओढे वाहतात, ते वेगळं. आपल्या नाशिक जिल्ह्याचा खडक तसा नाही. इथे लाव्ह्याचे थरावर थर आहेत. वर माती, खाली मुरूम, मग विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, मग काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा, आणि पुन्हा तोच क्रम. पाणी असतं ते मांजऱ्याच्या भोकांत आणि पाषाणाच्या भेगांत. ते सरकतं, झिरपतं, पण वाहत नाही. दिवसभरात वीतभर सरकलं तरी पुष्कळ म्हणायचं, अशाही जागा मी पाहिल्या आहेत.

निफाडकडच्या एका बागाईतदाराकडे मला बोलावलं होतं. माझ्या आधी पाणाड्या येऊन गेला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ बागेच्या कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याने सांगितलं, "खालून नदी चाललीये, मनगटाएवढ्या तीन धारा आहेत." तीनशे फूट बोअर झालं. करडी भुकटी उडत राहिली, द्राक्षाच्या पानांवर तिचा थर बसला, ओली माती काही आली नाही. बाजूलाच आजोबांच्या काळची विहीर होती. मी दोर बांधून तिच्यात उतरलो. साधारण पंचवीस-तीस फुटांवर पाषाण आणि तांबडा पट्टा यांच्या सांध्यात मांजऱ्याची हातभर जाडीची रेघ होती. सगळी रेघ ओली, आणि एका ठिकाणाहून सुतासारखी धार उतरत होती. मालकाला वरून हाक मारली, "तुमची नदी ही बघा." तो वाकून म्हणाला, "साहेब, एवढीशीच?" एवढीशीच. पण तीन पिढ्या त्याच सुतावर जगल्या होत्या.

आता 'गुप्त' या शब्दाकडे येऊ, कारण तो उगीच आलेला नाही. आपली गोदावरीच बघा. ब्रह्मगिरीवर उगम, मग गंगाद्वार, मग त्र्यंबकात कुशावर्त. कथा सांगते की नदी पुन्हा पुन्हा नाहीशी होत होती, म्हणून गौतम ऋषींनी कुश म्हणजे दर्भाने तिला अडवलं. पुढे बेझे गावाजवळ चक्रतीर्थ आहे. त्र्यंबकात दिसेनाशी झालेली गोदावरी तिथे पुन्हा प्रकट होते असं मानतात. ही कथा भूजलवाल्याने ऐकली तर तो हसत नाही, वही काढतो. डोंगरउताराचं पाणी गोट्यांच्या आणि भेगाळ खडकाच्या पात्रात मुरतं, खाली चिवट थर लागला की आडवं सरकतं आणि सखल जागी पुन्हा उमलतं. ज्याने पहिल्यांदा 'इथे ती गुप्त झाली, तिथे प्रकटली' म्हटलं, त्याने नीट पाहून म्हटलं. शाप, ऋषी, दर्भ ही त्याची टिपण ठेवायची पद्धत.

आज त्र्यंबक गावात गोदावरी दिसत नाही, त्याचं कारण मात्र वेगळं आहे. तिच्यावर स्लॅब टाकलेला आहे. नदीवर असं छत घालण्याबद्दल शेवटी बोलतो.

सरस्वतीकडे वळू. ऋग्वेदात ती नदी आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. वीणा आणि हंस पुष्कळ नंतर आले. दुसऱ्या मंडलात तिला 'अम्बितमे नदीतमे देवितमे सरस्वति' म्हटलंय, म्हणजे आयांमध्ये, नद्यांमध्ये आणि देवींमध्ये थोर. सातव्या मंडलात ती 'गिरिभ्य आ समुद्रात्', डोंगरांपासून समुद्रापर्यंत जाते. दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात गंगा, यमुना, सरस्वती, शुतुद्री असा पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रम लागतो. शुतुद्री म्हणजे सतलज. यमुना आणि सतलज यांच्या मध्ये, म्हणजे आजच्या हरयाणा-पंजाबात, तिची जागा इतकी स्पष्ट सांगितली आहे. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हरह्वैती हे तेच नाव अफगाणिस्तानातल्या नदीला आहे, आणि त्यावरून मूळ सरस्वती तिकडची असं मानणारे अभ्यासकही आहेत. नदीसूक्ताचा क्रम बघता मला ते पटत नाही. पण नाव प्रवास करतं, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. आपण नाशिककर 'गोदावरीवर जातो' असं कधी म्हणतो का? 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो. तुमच्या गुरुजींनीही गंगाच म्हटलं.

मग ब्राह्मणग्रंथांच्या, म्हणजे वेदांनंतरच्या यज्ञविधी सांगणाऱ्या ग्रंथांच्या काळात एक नवा शब्द येतो, विनशन. सरस्वती जिथे नाहीशी होते ती जागा. पंचविंश ब्राह्मणात विनशनापासून उगमाच्या प्लक्ष प्रस्रवणापर्यंतचं अंतर घोड्याच्या चव्वेचाळीस दिवसांच्या वाटचालीएवढं सांगितलंय. म्हणजे तेव्हाच नदी समुद्राला मिळत नव्हती आणि लोक काठाकाठाने उगमाकडे यात्रा करत होते. मनुस्मृतीत हिमालय आणि विंध्य यांच्यामधल्या मध्यदेशाची पश्चिमेची हद्द हेच विनशन आहे. नदी जिथे संपते ती जागा हद्दीची खूण झाली होती.

महाभारतात बलराम युद्धात भाग न घेता सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रा करतो. शल्यपर्वातली ही यात्रा मुलाला वाचून दाखवा, नद्यांचा नकाशा वाचल्यासारखी आहे. विनशनाला तो येतो तेव्हा व्यास कारण देतात: 'शूद्राभीरान्प्रति द्वेषाद्यत्र नष्टा सरस्वती'. शूद्र आणि आभीरांच्या द्वेषामुळे नदी नाहीशी झाली. नदी माणसांचा द्वेष करते हे मला कधीच पटलं नाही, पण या ओळीत मला एक उलटं लागलेलं निरीक्षण दिसतं. आभीर म्हणजे गुरं राखणारे. नदी आटली, नांगर थांबला, गवताळ माळ उरला की तिथे गुरं घेऊन कोण येणार? नदी आटली म्हणून गुराखी आले, आणि सांगणाऱ्याने ते गुराखी आले म्हणून नदी आटली असं लावलं. या आभीरांपैकी एक राजा, ईश्वरसेन, आपल्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात आहे. सटाणा-मालेगावकडे बोलतात त्या अहिराणीच्या नावातही तेच आहेत. तेव्हा सरस्वतीने ज्यांच्यावर राग धरला म्हणतात, ते आपले शेजारीच निघाले.

सासूबाई म्हणतात तो शापही एकच नाही. बद्रीनाथच्या पुढे माणा गावात सांगतात, गणपती महाभारत लिहीत असताना नदीच्या आवाजाचा त्रास झाला म्हणून शाप. अनुशासनपर्वात वेगळीच गोष्ट आहे: वरुणाने उतथ्य ऋषीची बायको पळवली, तेव्हा उतथ्याने चिडून पाणी पिऊन टाकलं आणि सरस्वतीला सांगितलं, अदृश्य होऊन मरुभूमीकडे जा. शापातसुद्धा दिशा बरोबर आहे, वाळवंटाकडे.

आता जमिनीवर काय सापडतं ते. शिवालिकच्या डोंगरांतून निघणारी घग्गर हरयाणा-पंजाबातून सिरसा, हनुमानगड, अनूपगड करत पाकिस्तानात शिरते, तिथे तिला हाकरा म्हणतात आणि ती चोलिस्तानच्या वाळूत विरते. हरयाणातल्या आदिबद्रीकडून पेहोव्यावरून येणारा, आजही सरसुती म्हणवणारा ओढा हिलाच मिळतो. पेहोवा म्हणजे जुनं पृथूदक, पितरांचं तीर्थ, जसं आपलं रामकुंड. घग्गर पावसाळी आहे, वर्षातले बरेच महिने कोरडी. पण तिचं जुनं पात्र भलतंच रुंद. १८९३ साली ओल्डहॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मांडलं की एवढं पात्र या ओढ्याचं असूच शकत नाही, यात पूर्वी सतलज वाहत असणार. १९८० मध्ये यश पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून हे पात्र मैलोन्‌मैल सहा ते आठ किलोमीटर रुंद असल्याचं दाखवलं. काठावर हडप्पा काळातल्या वस्त्या एकीला लागून एक: बनावली, कालीबंगा, सीमेपलीकडे गनवेरीवाला.

आपल्याकडचं एक नाव इथे घ्यायलाच हवं. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर १९८५ साली माणसं जमवून आदिबद्रीहून गुजरातेतल्या समुद्रापर्यंत या पात्राचा माग काढत गेले. त्यांचे निष्कर्ष सगळेच मला मान्य नाहीत, पण नदी शोधायची तर तिच्या काठाने चालायला हवं, हे त्यांनी करून दाखवलं.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. सतलज घग्गरच्या पात्रातून कधी वाहत होती? हे ओळखायला वाळू लागते. हिमालयाच्या आतल्या भागातून येणारी नदी करडी, अभ्रकाने चमकणारी वाळू आणते. पायथ्याचा ओढा आणतो तो तपकिरी गाळ. शिवाय वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता हे प्रयोगशाळेत काढता येतं: पुरला गेल्यापासून तो हळूहळू ऊर्जा साठवत जातो, ती मोजायची. २०१७ साली कालीबंगाच्या परिसरात खोल बोअर घेऊन हे केलं गेलं. तपकिरी गाळाखाली करडी वाळू निघाली, सतलजची. पण ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच थांबलेली. कालीबंगाचं शहर भरात होतं साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी. म्हणजे सतलज रोपडजवळ पश्चिमेला वळून बियासकडे गेली, आणि मग तीन-साडेतीन हजार वर्षांनी शहरं बहरली. २०१२ सालच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाचा कलही तिकडेच होता: शहरांच्या काळातली घग्गर पावसावरची नदी होती आणि मोसमी पाऊस कमी होत गेला तशी ती सुकली. उलट २०१९ मध्ये अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी यांच्या संशोधकांनी वाळूवरूनच मांडलं की नऊ हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वी नदी बारमाही होती, सतलजचे काही फाटे तिला पाणी देत होते.

मला विचाराल तर शहरं भलीमोठी नदी सोडून गेल्यावरच त्या दरीत बसली, हे मला नवल वाटत नाही. पात्र रुंद, कसदार माती, हाताला लागेल इतक्या खोलीवर पाणी, आणि घरादारात घुसणारा पूर नाही. आपला शेतकरीही गोदेच्या ऐन काठावर घर बांधत नाही, मळी कसतो आणि वर राहतो. मग 'गिरिभ्य आ समुद्रात्' कुठून आलं? जुनी आठवण असेल, स्तुतीची रीत असेल. आरती म्हणणारा हात आखडता घेत नाही. या एका ओळीवर आर्य कुठून आले याचा निकाल लावायला दोन्ही बाजूंचे लोक बसलेले असतात, त्यांच्यात मी पडत नाही. वाळूला तेवढं विचारलेलं नाही आणि ती तेवढं सांगतही नाही.

एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. नदी मेली म्हणतो ती मेली नाही. २०२३ च्या जुलैत घग्गरला असा पूर आला की पंजाब-हरयाणातली गावं पाण्याखाली गेली. पात्र जागा विसरत नाही.

आता तो व्हिडिओ. २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडजवळ शेतात बोअर चालू होतं. आठशे फुटांच्याही खाली गेल्यावर पाणी कारंज्यासारखं उसळलं आणि बोअरची गाडी जमिनीत रुतून गडप झाली. सरस्वती म्हणून हात जोडले गेले. तिथल्या भूजलाच्या जाणकारांनी तेव्हाच सांगितलं, आणि मीही तेच म्हणेन, की हे दाबाखालचं पाणी आहे. वालुकाश्मात पाणी भरलेलं, वर चिकणमातीचं घट्ट झाकण, पाणी भरण्याची जागा लांब आणि उंचावर. झाकणाला भोक पडलं की पाणी आपली पातळी गाठायला धावतं. सलाइनची बाटली वर टांगल्यावर सुईपर्यंत जोर येतो, तसंच. मुलाला हे दोन बाटल्या आणि नळी घेऊन घरी करून दाखवता येईल. वेदांतल्या नदीचं पाणी एवढ्या खोलीवर नसतं. नदीने टाकलेला गाळ पुष्कळ वर असतो. तिथलं पाणी त्याहून फार फार जुनं असू शकतं, आणि म्हणूनच ते उपसायला मला भीती वाटते, कारण ते पुन्हा भरायला कुणी सतलज येणार नाही. २०१५ मध्ये हरयाणात यमुनानगरकडे मुगलवालीत सात-आठ फुटांवर पाणी लागलं तेव्हाही असाच गाजावाजा झाला होता. शिवालिकच्या पायथ्याला गोट्यांच्या गाळात तेवढ्या खोलीवर पाणी लागतंच.

प्रयागची गुप्त सरस्वती भूगोलात बसत नाही. यमुना आणि गंगा यांच्या मध्ये तिसरी नदी यायला वाट नाही. पण नदी गेल्यावर नाव जिथे सोय होती तिथे नेऊन ठेवलं गेलं. गुजरातेत सिद्धपूरला मातृगयेची सरस्वती, सोमनाथला त्रिवेणीतली सरस्वती, पुष्करला सरस्वती. स्नानाच्या वेळी आपण 'गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति' म्हणतो ते तांब्यातल्या नळाच्या पाण्याला. तिला नदीची गरज नाही, आपल्यालाच तिच्या नावाची आहे. गुरुजी चुकीचं सांगत नव्हते, ते वेगळ्या खात्यातलं सांगत होते. मुलाला तेवढा फरक कळला तरी पुष्कळ.

पण ताई, नाशिकची सरस्वती गुप्त आहे हे गुरुजी ज्या अर्थाने म्हणाले त्याहून अक्षरशः खरं आहे. अरुणा रामशेजच्या बाजूने येते असं मानतात, तिचं पात्र पंचवटीच्या रस्त्यांखाली आणि घरांखाली गेलंय. वरुणा म्हणजे वाघाडी, तिला सगळे नाला म्हणतात. आणि सरस्वती म्हणजे जुन्या नाशकातला सरस्वती नाला. हो, तोच. तो वेदांतला नव्हे, पण एके काळी आजीने जिला हात जोडले असतील असा जिवंत ओढा होता. तिच्यावर आपण छत घातलं, मग बाजार भरवला, मग सांडपाणी सोडलं. विनशन नावाची जागा हरयाणा-राजस्थानच्या सीमेवर शोधत फिरायची गरज नाही.

रामकुंडाचंही तसंच. उन्हाळ्यात तिथे जे पाणी असतं ते गंगापूर धरणातून सोडलेलं. २०१६ च्या दुष्काळात कुंड कोरडं पडलं आणि टँकरने भरावं लागलं, तेव्हा म्हातारे विचारत होते, कुंडाचे झरे कुठे गेले? तळाला काँक्रीट आहे. विहिरीचा तळ लिंपून घेतला तर विहीर भरेल का? तेच. हे काँक्रीट काढा अशी मागणी नाशकात अनेक वर्षं चालू आहे. आता पुन्हा सिंहस्थ येतोय, घाटांची कामं निघाली आहेत. नोकरीत असताना अशाच एका कामाच्या बैठकीत मी म्हटलं होतं, कुंडांचा तळ मोकळा ठेवा, झरे जपा. एक साहेब म्हणाले, "अहो, भाविकांना पाय ठेवायला सपाट जागा पाहिजे, झरे काय करायचेत?" इतिवृत्तात माझं म्हणणं आलं नाही.

मुलाला एकदा पावसाळ्यात जुन्या नाशकातल्या दहीपुलावर घेऊन जा. त्याला विचारायला सांगा, पूल म्हणतात, तर पूल कुठे आहे? दुकानं, हातगाड्या, दुचाकी दिसतील, पूल दिसणार नाही आणि खाली नदी तर नाहीच. मग जोराचा पाऊस होऊ द्या. सराफ बाजाराच्या बाजूने आधी गटारांची झाकणं खडखडतात, मग गढूळ पाणी गुडघ्याएवढं चढतं, दुकानदार शटरला फळ्या लावतात आणि कुणीतरी ओरडतं, "सरस्वती आली, सरस्वती आली!"